आमच्या गावच्या डोंग्याचं आवाहन

आमच्या गटात आवाहनं वाचण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळ्यात कमी बोलत होते. मॅडम म्हणाल्या, "ही वाचेल. ही घाई करत नाही." मला ते कौतुक वाटलं. नंतर पुष्कळदा वाटलं की घाई करणारं कोणी असतं तर बरं झालं असतं.

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात शिकून परदेशात गेलेला एक माजी विद्यार्थी दर सत्राला काही रक्कम पाठवतो. ती चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या क्राउडफंडिंगच्या आवाहनाला द्यायची, कोणत्या ते विद्यार्थ्यांनीच ठरवायचं, आणि वाटून न देता एकालाच द्यायची, एवढंच त्याचं म्हणणं आहे. अर्थशास्त्राच्या मॅडमनी त्यासाठी आम्हा काही जणांचा गट केला. मी चामोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्याआधी क्राउडफंडिंग हा शब्दही मी ऐकला नव्हता.

मोबाइलवर एक पान उघडतं. वर फोटो नाहीतर व्हिडिओ, खाली गरज लिहिलेली, आणि त्याच्या खाली एक हिरवी पट्टी. लोक पैसे देतील तशी ती पट्टी उजवीकडे सरकते. मुदतीच्या आत ती पूर्ण भरली नाही तर ज्याचे पैसे त्याला परत जातात. मागणाऱ्याला काहीच मिळत नाही. मला ते गावातल्या वर्गणीसारखंच वाटलं होतं. फक्त देणारा घेणाऱ्याच्या दारावरून कधी जाणार नाही, एवढाच फरक.

सुरुवातीला मला वाटायचं की खरं-खोटं ओळखणं हेच अवघड असेल. तसं नव्हतं. खोटी आवाहनं सापडायची. एकाच विहिरीचा फोटो दोन वेगळ्या गावांच्या नावानं लावलेला मी पाहिला. असं काही सापडलं की मला हलकं वाटायचं, कारण ते शांतपणे बाजूला ठेवता यायचं. बाकीची सगळी खरी असायची आणि त्यातलं एक सोडून सगळी नाकारायची असायची. वाघांवर माहितीपट काढणाऱ्यांची पट्टी भराभर सरकायची. त्यांचा व्हिडिओ फार सुंदर होता, वरून घेतलेलं जंगल, मागे बासरी. त्याच जंगलालगतच्या एका गावानं शाळेच्या वाटेवर दिवे मागितले होते. त्यांच्या व्हिडिओत नुसता अंधार होता आणि एक मास्तर बोलत होते. त्यांची पट्टी मुंगीएवढी.

आम्ही काही प्रश्न ठरवले होते. लिहिणारा स्वतः फोन उचलतो का? वस्तू आली तर ती कोण सांभाळणार? बिघडली तर दुरुस्ती कुठे होणार? हा शेवटचा प्रश्न माझ्या मैत्रिणीचा. ती बल्लारपूरची, रोज गाडीनं कॉलेजला यायची. तिच्या अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. ती म्हणायची, "मशीन सबको चाहिए. सुई तुटली तर कुठून आणाल, हे कोणी विचारतच नाही. अब्बा रोज हेच बोलत राहतात, गिऱ्हाईक ऐकत नाही."

फोन मी करायची. मोहाचे लाडू करणाऱ्या बायांच्या गटाला पॅकिंगचं यंत्र हवं होतं. मी विचारलं, "बाई, मशीन आली तर चालवन कोन?"

पलीकडून उत्तर आलं, "लाइन आली तर कोनीबी चालवन. तू ये, तुले शिकवतो."

मागे चार-पाच बाया हसल्या. मीही हसले. आणि संध्याकाळी त्यांच्या पुढे लिहिलं, विजेचा भरवसा नाही. त्यांना नकार कळवायचाही नसतो. पट्टी सरकत नाही, त्यावरून त्यांना कळतं.

आता आमच्या डोंग्याविषयी.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर आहे. नदीच्या अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. गावात शाळा दहावीपर्यंत. अकरावी-बारावी नदीपलीकडच्या गावात. रस्त्यानं जायचं तर पूल फार लांब आणि आमच्या गावात एसटी येत नाही. त्यामुळे पोरी डोंग्यानं, म्हणजे लाकडी नावेनं जातात. मीसुद्धा बारावीपर्यंत डोंग्यानंच गेले. नदीला पूर असला की सुट्टी, पाणी उतरलं की डोंगा, उन्हाळ्यात रेतीतून पायी. तो डोंगा नसता तर मी आज दहावी पास होऊन घरी असते, हे मला कोणी सांगायला नको. माझ्याबरोबरच्या, नदीला भिणाऱ्या पोरी तशाच घरी राहिल्या.

डोंगा चालवणारे बाबा ढिवर मोहल्ल्यातले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले. मी कॉलेजात आले त्याच्या पुढच्या वर्षी डोंग्याचा तळ गेला. ते दर उन्हाळ्यात डांबर लावायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी डांबराचा डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "आता लाकूड नाई राह्यलं यात. डांबरच राह्यलं. मासे धराले मी जाईन, माह्या जिवाचं मी पाहीन. पोरी नाई बसवणार."

माझ्या काकांची मुलगी त्याच वर्षी दहावी झाली. गणितात माझ्यापेक्षा हुशार. नळावर बाया हिशेबात अडल्या की तिलाच हाक मारायच्या. तिला अकरावीत जायचं होतं. काका तिला वसतिगृहात ठेवायला तयार नव्हते. मोठी म्हणून मी गेले, माझ्यामागे धाकटी कशाला, असं त्यांचं म्हणणं. डोंग्यानं जाऊन संध्याकाळी घरी येणार असेल तर मात्र हरकत नव्हती. म्हणजे सगळं डोंग्यावर आलं.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते. दोघींनी मिळून आवाहन तयार केलं. मला इतकी आवाहनं वाचून काय चालतं ते थोडं कळत होतं. फायबरचा डोंगा आणि पोरींसाठी तरंगायची जॅकेटं, एवढंच मागायचं ठरलं. बहीण रेतीवर ओढलेल्या जुन्या डोंग्यात उभी राहिली, मी मोबाइल धरला. डोंगेवाले बाबा बाजूला बिडी घेऊन बसले होते.

"सिनेमा काढून राह्यल्या का?"

बहीण म्हणाली, "बाबा, तुमी हासू नोका. लोकायले वाटन गरज नाई."

"मंग रडू का?"

"नुसते बसा."

ते नुसते बसले, पण इतके ताठ, की आम्हाला पुन्हा व्हिडिओ घ्यावा लागला. बहिणीनं मोठं भाषण पाठ केलं होतं. नदी, शिक्षण, मुलींचं भविष्य. दोनदा अडली. मग वैतागून म्हणाली, "मले अकरावीत जायचं आहे. डोंगा सडला. नवा डोंगा पाह्यजे." आणि मोबाइलकडे बघत राहिली. मी तेवढंच ठेवलं.

बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी ते दाखवलं. ते म्हणाले, "वळख ना पाळख, ते लोक आपल्या डोंग्याले काऊन देतीन?"

मी म्हटलं, "देतात बाबा. मी पाहिलंय."

मी परत चंद्रपूरला आले. बहीण रोज संध्याकाळी काकांच्या मोबाइलवरून फोन करायची. गावात नेट धड मिळत नव्हतं, म्हणून पट्टी तिला दिसायची नाही. हॅलो वगैरे काही नाही. "ताई, सरकली का?"

"थोडी."

"किती थोडी?"

"बोटभर."

"काल बी बोटभरच होती."

माझ्या बल्लारपूरच्या मैत्रिणीनं त्यात आपले पैसे टाकले होते. मला न सांगता. पट्टीखाली तिचं नाव दिसलं तेव्हा कळलं. बोटभर पट्टीत मोठा वाटा तिचाच असावा.

अकरावीचे प्रवेश सुरू झाले त्या सुमारास गटाची बैठक लागली. मी वाचलेल्या आवाहनांतून तीन शेवटी उरली होती. एक अभ्यासिकेच्या छपराचं. दुसरं बल्लारपूरकडच्या खाणीजवळच्या वस्तीतल्या एका मुलीचं, जिला चालता येत नाही आणि कॉलेजला जाण्यासाठी बॅटरीवर चालणारी तीनचाकी हवी होती. तिसरं आमच्या डोंग्याचं. ते तिथे ठेवताना मी खूप विचार केला. आपल्या गावचं म्हणून ठेवू नये, असं एकदा वाटलं. पण आपल्या गावचं म्हणून काढून टाकणंही बरोबर नव्हतं. आमच्या प्रश्नांना ते उतरत होतं. डोंगेवाले बाबा फोन उचलत होते. डोंगा सांभाळणारं माणूस होतं. फायबर कसं सांधायचं ते त्यांचा पुतण्या एका मोठ्या तलावावर कामाला असताना शिकून आला होता.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी.

आमच्याकडे गावाची बैठक बसते तेव्हा ज्याचं काम असेल तो उभा राहून आपलं काम सांगतो आणि उठून बाहेर जातो. हातपंपाजवळ जाऊन, बैठकीकडे पाठ करून बसतो. समोर माणूस बसलेला असला की त्याच्या तोंडावर कोणाला नाही म्हणता येत नाही, आणि मोकळेपणानं हो पण म्हणता येत नाही. लोकांचं बोलून झालं की ते एकाला पाठवतात. तो येऊन म्हणतो, चला, बलावलं. मग आत जायचं. तेव्हा गाव प्रश्न विचारतं आणि आपण उत्तरं द्यायची. खरं बोलणं तेव्हाच होतं. जो उठत नाही त्याच्याबद्दल लोक नंतर म्हणतात, आपलं तोंड दाखवून काम करून घेतलं. मी लहान असताना बांधावरच्या वाटेच्या कामासाठी माझे वडील असे हातपंपाजवळ बसले होते. मी विचारलं होतं, "बाबा, इथी काऊन बसले?" ते म्हणाले, "आत आपलं चालू हाय. गुमान बस." मी त्यांच्याजवळ पाठ करून बसले होते.

तर आमच्या डोंग्याची पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "हे आमच्या गावचं आहे." आणि उठून बाहेर गेले. यात मी काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उठले.

विभागाच्या बाहेर जिना आहे. मी पायरीवर दाराकडे पाठ करून बसले. आत पंख्याचा आवाज येत होता. मी उत्तरं तयार करत होते. पुरात डोंगा कुठे ठेवणार? वरच्या आळीत, समाजमंदिराच्या मागे. किती पोरी जातील? या वर्षी एवढ्या, पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणी. डोंगेवाले बाबा थकले तर? पुतण्या आहे. मी ती उत्तरं चांगल्या मराठीत जुळवून पाहिली. एरवी मला बोलता येत नाही, पण त्या दिवशी मला वाटलं, विचारलं तर मी बोलेन.

थोड्या वेळानं मैत्रीण बाहेर आली. तिच्या खांद्यावर तिची बॅग होती आणि हातात माझी.

"चल, चहा घेऊ."

"बोलावलं का?"

"कोणी?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"तीनचाकीवालीला दिलं," ती म्हणाली. "तिची मुदत आजच संपत होती ना, तर मॅडमनी लगेच पाठवून टाकले."

"आणि डोंगा?"

"तू अशी उठून गेली, तर सगळे गप्प झाले. तो अभ्यासिकेच्या छपराची बाजू घेणारा म्हणाला, तिलाच खात्री वाटत नसेल. मॅडम म्हणाल्या, तिला लाज वाटते आहे, तिला अवघडवू नका, हा विषय नको. मला पण वाटलं की तुला नको असेल. रोज बहिणीचा फोन, रोज तेच. मला वाटलं तुला सुटका पाहिजे. नको होतं का?"

मी म्हटलं, "हवं होतं."

"मग तू गेली कशाला?"

मी तिला सांगितलं. हातपंप, पाठ करून बसणं, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "या अल्लाह, मला काय माहीत. आमच्या मोहल्ल्यात तर जो उठून जातो तो रुसलेला असतो." आणि तिनं माझी बॅग आपल्याच मांडीवर धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मला खुर्ची दिली. "अगं, मग आत यायचं ना तू. एक शब्द बोलली असतीस तर." मी मान हलवली. पैसे गेले होते आणि ज्या मुलीला गेले होते तिला मी स्वतः फोन केला होता. ती मला म्हणाली होती की आई मला पाठीवर घेऊन स्टँडपर्यंत नेते आणि आता आईची पाठ दुखते. तिचं आवाहन वाचून मीच पुढे खूण केली होती. तिच्याकडून काढून घ्यावं असं मला एकदाही वाटलं नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या सत्रात तुमच्या गावचं पहिलं घेऊ. पुढचं सत्र म्हणजे हिवाळा. प्रवेश तोवर थांबणार नव्हते.

घरी फोन केला तेव्हा वडिलांनी उचलला. मी सांगितलं तसं ते ऐकत राहिले.

"बलावलं नाई?"

"नाही."

"तू बाहेर बसली, आन् बलावलं नाई."

"बाबा, त्यायले आपली रीत मालूम नाई."

"त्यायले मालूम नसन. आपल्याले मालूम हाय न. बलावलं नाई म्हंजे नाई म्हंतलं. आता त्या बैठकीत पुन्हा डोंग्याचं तोंड काढू नोको. मान राह्यत नाई."

मी त्यांना समजावून पाहिलं की ही बैठक तशी नव्हती, ते लोक तसे नव्हते, उलट त्यांनी मला त्रास नको म्हणून विषय सोडला. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हे सगळं खरं असूनही त्यानं डोंगा येत नाही.

बहिणीचे फोन काही दिवस येत राहिले. सरकली का? नाही. मग मुदत संपली. हिरवी पट्टी राखाडी झाली आणि खाली लिहून आलं की हे आवाहन बंद झाले आहे. कॅन्टीनमध्ये मैत्रिणीनं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. तिचे पैसे तिला परत आले होते. ती म्हणाली, "मला नको आहेत हे." मग तिनंच मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला नाही. तिला कोणी सांगितलं होतं, का तिनं स्वतःच दिवस मोजले होते, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दिवाळीला घरी गेले. धान कापणीला आलं होतं. डोंगा काठावर पालथा घातलेला होता आणि त्यावर शेळ्या चढून बसत होत्या. डोंगेवाले बाबा आता दुसऱ्याच्या डोंग्यात मासे धरायला जातात. बहीण काकूबरोबर कापणीला जात होती. कापणी झाली की गावातल्या बायांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जाणार असं ठरलं होतं. अकरावीच्या पुस्तकांचा संच मी माझाच तिला देऊन ठेवला होता. तो तिनं कापडात बांधून परत आणून माझ्या खाटेवर ठेवला. म्हणाली, "तुह्या कॉलेजात कोनाले लागन."

रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, तो व्हिडिओ आहे का अजून?"

"आहे. पान बंद झालं, पण दिसतं."

"काढून टाक ना."

"काऊन?"

"मले पाह्याले पाहुणे येऊन राह्यले. पोराच्या भावानं मोबाइलवर पाह्यला. आईले म्हणे, तुमची पोरगी नेटवर पैसे मांगते." ती पायाच्या बोटाकडे बघत होती. "माहा चेहरा आहे न त्याच्यात. मांगून राह्यली मी."

मॅडम म्हणाल्या होत्या तसं पुढच्या सत्रात डोंग्याचं पहिलं घ्यायचं होतं. त्यासाठी तेच आवाहन पुन्हा उघडावं लागलं असतं, त्याच व्हिडिओसह. मी तिला ते सांगितलं. वडिलांनी नको म्हटलं तरी मी मॅडमसमोर तोंड उघडणार होते, या वेळी बाहेर न जाता, असंही सांगितलं.

"नोको," ती म्हणाली. "डोंगा आला तरी आता मी कुठी बसतो त्याच्यात."

मी हो म्हटलं.

चंद्रपूरला आल्यावर मी ते पान काढायचा प्रयत्न केला. आवाहन टाकायचं बटण मोठं होतं. काढायचं कुठेच नव्हतं. मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं की तुमची विनंती मिळाली आहे. त्यानंतर काही आलं नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं.

नव्या सत्राची आवाहनं आता माझ्याकडे आली आहेत. मी ती वाचते, फोन करते, विचारते की वस्तू आली तर कोण सांभाळणार. डोंग्याचं त्यात नाही. मॅडमनी एकदा आठवण काढली, मी म्हटलं, गावाकडून नको म्हणाले. वाचायला बसण्याआधी मी ते जुनं पान उघडून बघते, निघालं का म्हणून. अजून आहे. राखाडी पट्टी, आणि वर माझी बहीण सडक्या डोंग्यात उभी राहून म्हणते की तिला अकरावीत जायचं आहे. डोंगेवाले बाबा मागे ताठ बसले आहेत, आम्ही सांगितलं होतं तसे, न हसता.